जुन्या गाडीत गुडघे स्टिअरिंगला लागतात. पुढची सीट ज्यावर मागे-पुढे सरकते ती रेल कापून मागे वेल्ड करून घेऊ का?

तुमची उंची सहा फूट दोन इंच. गाडी 1960 च्या दशकातली, दोन दरवाजांची. सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे नेली तरी क्लचवर पाय ठेवताना डावा गुडघा स्टिअरिंगला घासतो, आणि वेल्डर म्हणतो रेल कापून चार इंच मागे घेऊ. असं तुम्ही लिहिलंय.

नका घेऊ. चार इंच तर नकोच, आणि रेल कापून तर मुळीच नको. मी स्वतः सहा फूट एक आहे आणि माझ्या जुन्या मिनीत (छोटी ब्रिटिश गाडी) हेच सगळं उलट्या क्रमाने करून बसलोय: आधी ड्रिल, मग डोकं.

पहिल्यांदा मोजमाप. रोजचे बूट घालून बसा, पाठ टेकवा, टाच गालिच्यावर ठेवून पाय क्लचवर ठेवा आणि कुणाला तरी उघड्या दारातून बाजूने फोटो काढायला सांगा. मग कागदावर तीन ठिपके काढा: घोटा, गुडघा, कंबरेचा सांधा. माझी मापं सांगतो. मांडी 46 सें.मी., नडगी 46, कंबर घोट्यापासून 80 सें.मी. मागे आणि 20 सें.मी. वर. या मापांनी कंबर 4 सें.मी. मागे नेली तर गुडघा जवळपास तेवढाच, 4 सें.मी., खाली येतो. तीच कंबर मागे न नेता 4 सें.मी. खाली घेतली तर गुडघा जेमतेम 1 सें.मी. उतरतो. म्हणून ‘सीट खाली घे, जागा होईल’ हा सल्ला डोकं छताला लागत असेल तर बरोबर, गुडघ्यासाठी जवळपास फुकट. आणि चार इंच म्हणजे 10 सें.मी. मागे गेलात तर क्लच तळापर्यंत दाबायला पाय पुरणार नाही. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहायलाच हवा.

तुम्हाला हवेत तीन-चार सेंटिमीटर. तेवढे बहुतेक वेळा भोक न पाडता मिळतात.

निम्मे सीटच्या पाठीतच दडलेले असतात. जुन्या सीटचं कव्हर उतरवलं की आत काय काय सापडतं! माझ्या सीटच्या पाठीत मूळ फोमवर कुणीतरी दुसऱ्या फोमचा थर चिकटवला होता, त्यावर जुन्या चादरीची घडी, आणि त्यावर नवं रेक्झिन. बोटाने दाबलं की मूळ फोमचा पिवळा भुगा मांडीवर पडायचा. ते सगळं काढून कमरेपाशी कमी जाडीचा पण जास्त घनतेचा फोम घातला, तर बूड सरळ 2 सें.मी. मागे गेलं. सीटवर एकही नवा बोल्ट लागला नाही. फोम निवडताना मऊपणाला भुलू नका. बोटाने दाबल्यावर तळाला टेकतो तो घेऊ नका. बैठकीखालच्या रबरी पट्ट्या किंवा स्प्रिंगा त्याच वेळी बघून घ्या. पट्ट्या लोंबल्या असतील तर तुम्ही खड्ड्यात बसता.

उरलेले निम्मे स्टिअरिंगच्या चाकात. त्या काळच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नव्हतं, म्हणून चाकं मोठी. 40 सें.मी. व्यासाच्या जागी 35 चं चाक घातलं तर खालची कड अडीच सें.मी. वर जाते. बदल्यात वळवायला ताकद सातव्या भागाने जास्त लागते, ती गाडी पार्क करताना जाणवते, पळताना नाही. आणि चाकाची वरची कड स्पीडोमीटरच्या मध्ये येत नाही ना, हे विकत घेण्याआधी पुठ्ठ्याचा गोल कापून बघा. मिनीसाठी स्टिअरिंगचा दांडा खाली घेणारी ब्रॅकेटही मिळते. तिच्याने चाक बसच्या चाकासारखं आडवं न राहता उभं होतं, पण खालची कड मांडीकडे येते. सीट मागे न घेता ती एकटी लावली तर आगीतून फुफाट्यात. मी लावली होती, दोन दिवसांत काढली.

एवढं करूनही अडत असेल, तरच सीट मागे घ्या, आणि ती बोल्टने बसणाऱ्या ब्रॅकेटवर. मिनीसाठी अशा तयार ब्रॅकेट मिळतात. एमजीबीत (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) रेलखाली लाकडी पट्ट्या असतात, त्या काढल्या की सीट उतरते आणि डोक्याला जागा होते, मागे मात्र सरकत नाही. तुमच्या मॉडेलसाठी तयार काही नसेल तर करून घ्या, पण सपाट पट्टीची नको. 3 मि.मी. ची पट्टी मागे काढून मी सीट तिच्यावर बसवली होती. ब्रेक मारला की सीट पुढे झुकून परत यायची, झोपाळ्यासारखी. काटकोनी अँगल किंवा चौकोनी पाइप घ्या.

बोल्ट 8.8 ग्रेडचे (ही बोल्टच्या ताकदीची श्रेणी; इंची बोल्टांत तिच्या तोडीची ग्रेड 5). जुन्या ब्रिटिश गाड्यांत सीटचे बोल्ट बहुधा 5/16 इंचाचे असतात, इतरत्र 8 मि.मी. चे. दोन्ही दिसायला जुळे, पण आटे वेगळे. एकाच्या नटात दुसरा दोन आटे गोडीत शिरतो, मग जोर लावला की आटेच कापले जातात. नवं भोक पाडावंच लागलं तर पत्र्याच्या खालून 3 मि.मी. जाड, साधारण 6 सें.मी. चौकोनी प्लेट द्या, नुसता वॉशर नको. आधी स्क्रू ड्रायव्हरने पत्रा टोचून बघा. मऊ लागला तर सीट बाजूला ठेवा, आधी फ्लोअर दुरुस्त करा.

आणि खाली वाकून बघितल्याशिवाय ड्रिल लावू नका. मी वरून भोक पाडलं. नंतर गाडी स्टँडवर घेऊन खाली शिरलो तर ड्रिलचं टोक बाहेर आलं होतं त्याच्या शेजारून, बोटाच्या नखाएवढ्या अंतरावरून, ब्रेकची नळी गेली होती. त्या दिवशी पुढचं काम केलं नाही. हात चालेनात.

लोक म्हणतात, बेल्ट तर बॉडीला बांधलाय, सीटवर कसला भार? समोरून धडक बसली तर ते बऱ्याच अंशी खरं आहे: सीटला स्वतःचंच वजन सांभाळायचं असतं. पण मागून कुणी ठोकलं की बेल्टचा उपयोग फारसा नसतो, अख्खा माणूस पाठीवर आदळतो आणि तो सगळा भार त्या चार बोल्टांवर जातो. 80 किलोच्या माणसाला 20 जी, म्हणजे वजनाच्या वीसपट धक्का, म्हणजे दीड टनाच्या वरचा जोर. कापून पुन्हा जोडलेल्या रेलच्या वेल्डवर तो टाकायची माझी तरी हिंमत नाही.

बेल्टचंही बघा. सीट मागे गेली, पण बेल्टची टोकं जिथल्या तिथेच. खांद्याचा वरचा बिंदू दोन दारांच्या गाडीत दारामागच्या खांबावर असतो. खांदा त्याच्या मागे गेला तर पट्टा छातीला टेकतच नाही, हवेत लोंबतो. कमरेचा पट्टा बाजूने बघितल्यावर आडव्या रेषेशी साधारण 45 ते 75 अंशांत असावा. अगदी उभा झाला तर धडकेत तो घट्ट होण्याआधी शरीर पुढे घसरतं. बेल्टच्या बोल्टचं माप बहुतेक गाड्यांत 7/16 इंच, त्याच्या जागी दुसरा कुठलाही बोल्ट नको.

तुमची गाडी दोन दारांची, म्हणजे मागे जायला सीट पुढे कलंडत असणार. ब्रॅकेट घातल्यावर मागचा खटका पूर्ण बसतो का, ते माणूस बसवून, सीटला मागून जोराने धक्का देऊन तपासा. माझ्या सीटचा खटका नवीन ब्रॅकेटवर अर्धाच बसत होता आणि महिनाभर मला पत्ताच नव्हता.

फोटो काढलात की घोटा ते कंबर हे अंतर इथे टाका. पाठीतला फोम किती काढायचा ते त्यावरून सांगता येईल. वेल्डरला तोवर थांबायला सांगा.