‘जम्प्ड’चा सिलॅबल एकच का?

तुमचा मुलगा ‘अनहॅपीनेस’ अचूक तोडतो, पण ‘जम्प्ड’चे दोन सिलॅबल, म्हणजे उच्चाराचे दोन तुकडे, करतो आणि शाळेत ते चूक धरतात, असं का, हा तुमचा प्रश्न. शाळेचं बरोबर आहे. सिलॅबल मोजायचे ते कानाने. जितके स्वर ऐकू येतात तितके सिलॅबल. उपसर्ग-प्रत्यय ओळखल्याने शब्द कुठे तोडायचा ते कळतं, पण किती तुकडे होणार हे उच्चारच ठरवतो. ‘रीडेबल’मध्ये प्रत्यय एकच आहे, पण त्याचेच दोन सिलॅबल होतात: रीड-अ-बल.

खरी अडचण भूतकाळाच्या ई-डीची आहे. मूळ क्रियापद ट किंवा ड या उच्चारावर संपत असेल तरच ई-डीचा वेगळा सिलॅबल होतो: वॉन्ट-एड, नीड-एड. एरवी तो आधीच्या उच्चारालाच चिकटतो. ‘जम्प्ड’ तर तोंडात ‘जम्प्ट’ असाच येतो. प्लेड, वॉश्ड, क्लीन्ड हे सगळे एका सिलॅबलचे.

मी सोलापूरच्या पूर्व भागात इंग्रजीच्या शिकवण्या घेते. इथल्या अनेक मुलांच्या घरी तेलुगू बोलतात आणि तेलुगूत बहुतेक शब्द स्वरावर संपतात. त्यामुळे शेवटी व्यंजनं एकत्र आली की मुलं मध्ये स्वर घालून ‘जम्पेड’ म्हणतात. अशा मुलाला नियम पाठ करायला लावू नका, आधी उच्चार दुरुस्त करा. हनुवटीखाली हात धरून शब्द सावकाश म्हणायला सांगा. प्रत्येक स्वराला जबडा खाली येतो, मुलाला ते हाताला जाणवतं. हा उपाय मला फार आवडतो, कारण मग उत्तर बरोबर आहे का हे मुलाला आपल्याला विचारावं लागत नाही.

तोडण्याच्या जागेबद्दल थोडंसं. ‘अ‍ॅक्शन’मध्ये मूळ शब्द ‘अ‍ॅक्ट’ असला तरी टी पुढच्या ‘शन’मध्ये जातो: अ‍ॅक-शन. ‘अंकल’मधला ‘अन’ उपसर्ग नाही, तो काढला तर मागे शब्दच उरत नाही. शब्दकोशातले ठिपके मुळात ओळीच्या शेवटी शब्द कुठे मोडावा यासाठी असतात, म्हणून ते कधी कधी उच्चाराशी जुळत नाहीत. ‘टीचर’ तिथे टीच-अर असा दिसेल, आपण म्हणतो टी-चर. सिलॅबल दोन्हीकडे दोनच.

आणि हो, ‘नेकेड’, ‘विकेड’ ही विशेषणं ई-डीच्या नियमात बसत नाहीत. त्यांचे दोन सिलॅबल होतात.