कॅप्सूल गिळायची नाही, ओढायची

प्रश्न : सासूबाई ६२ वर्षांच्या आहेत. बिडी-तंबाखू काही नाही, पण जन्म पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळल्या झाडांच्या) चुलीपुढे गेला. दम्याचा नव्हे, सीओपीडीचा (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा) त्रास आहे म्हणून डॉक्टरांनी टायोट्रोपियमच्या कॅप्सूल आणि ओढायचं यंत्र दिलं. महिना झाला, फरक नाही. परवा पाहिलं तर त्या कॅप्सूल पाण्यासोबत गिळत होत्या! म्हणाल्या, "मले थे ओढनं जमत नाही. गियली त का बिघडलं?" शेजारचे धोतऱ्याची पानं ओढायला सांगतात. मामाजींनाही (सासऱ्यांनाही) धाप लागते, त्यांना हीच दिली तर चालेल का?
– एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, तुमच्या सासूबाई एकट्या नाहीत. माझ्याकडे एक आजोबा तीन महिने कॅप्सूल गिळून वर "औषध बेकार आहे" असं ठणकावून सांगायला आले होते. चूक माझीच होती. चिठ्ठी लिहिली, यंत्र हातात दिलं, ओढून दाखवलं नाही.

कॅप्सूलमध्ये औषध असतं १८ मायक्रोग्रॅम, बाकीची पूड म्हणजे दुधातली साखर. गिळलं तर त्यातलं शंभरात दोन-तीन भागच रक्तात पोचतं. फुप्फुसाला काय मिळणार?

आता हे करतं काय? एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसंच. श्वासनळीच्या स्नायूंवर एम-३ नावाच्या जागा असतात. मज्जातंतूतून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन येऊन तिथे बसलं की नळी आवळते, कफ वाढतो. औषध स्वतः काही करत नाही, नुसता रुमाल टाकतं. इप्राट्रोपियम या जुन्या औषधाचा रुमाल चार-सहा तासांत उडायचा, याचा दिवसभर हलत नाही. म्हणून रोज एकदाच. आणखी एक गंमत आहे. मज्जातंतूच्या टोकाला एम-२ ही जागा असते, तिथे कुणी बसलं की "आता पुरे" असा निरोप जातो. जुनं औषध तीही अडवून धरायचं, म्हणजे गाडी भरली तरी लोक येतच राहणार. टायोट्रोपियम तिथून लवकर उठतं.

धोतऱ्याचं शेजाऱ्यांनी हवेतून काढलेलं नाही. त्यात ॲट्रोपिन असतं, आणि तेही हीच जागा धरतं. १८०२ च्या सुमारास मद्रासकडून धोतऱ्याचा धूर ओढायची रीत इंग्लंडातही गेली होती. पण ॲट्रोपिन मेंदूत शिरतं. माणूस बरळतो, डोळ्यांच्या बाहुल्या फाकतात, छाती धडधडते. शिवाय पानात किती उतरलंय हे कोण मोजणार? टायोट्रोपियमच्या रेणूवर विद्युतभार असल्याने ते मेंदूत सहसा शिरत नाही. धोतरा बांधावरच राहू द्या.

सासूबाईंना शेजारी बसवा. कॅप्सूल यंत्रात घालून फिरवायची किंवा टोचायची, जसं यंत्र असेल तसं. आधी श्वास बाहेर सोडायचा, पण यंत्रात नाही. वाफेने पूड चिकटते. मग ओठ घट्ट लावून जोरात, खोल ओढायचं आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरायचं. यंत्र उघडून पाहा, पूड उरली असेल तर पुन्हा ओढायचं. मग चूळ भरायची. तोंड कोरडं पडेल, कारण लाळेच्या ग्रंथींनाही हाच रुमाल पडतो. पूड डोळ्यात जाऊ देऊ नका.

एकाएकी धाप लागली तर मात्र याच्या भरवशावर बसू नका. त्यासाठी डॉक्टरांनी दिलेला साल्ब्युटामॉलचा पंप वेगळा, आणि त्यानेही उतरली नाही तर थेट दवाखाना गाठायचा. आणि हो, पऱ्हाटीचा धूर तसाच चालू राहिला तर फुप्फुस झिजतच जाईल. सिलिंडर नुसता चहापुरता ठेवू नका.

मामाजींना ही द्यायची नाही. धाप हृदयाचीही असू शकते, आधी तपासून घ्या. लघवीला थांबून थांबून होते का, काचबिंदू आहे का, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. या औषधाने लघवी अडू शकते, डोळ्यातला दाब वाढू शकतो. जाताना सासूबाईंचं यंत्रही पिशवीत टाका आणि तिथेच, डॉक्टरांसमोर, त्यांना ओढून दाखवायला लावा.