पहिला हँडी घेताना: वाचकांचे प्रश्न, उत्तरे

हॅम रेडिओची, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवायच्या रेडिओची, परीक्षा द्यायचे ठरवलेल्या वाचकांची पत्रे येतात, त्यांत निम्मेअधिक प्रश्न हँडीचे, म्हणजे हातात धरायच्या छोट्या रेडिओ संचाचे असतात. बहुतेकांचे बजेट पाच हजारांच्या आतले. बहुतेकांनी मॉडेल निवडून ठेवलेले असते, आणि लायसन्सचे मात्र ‘नंतर बघू’ म्हटलेले असते. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. शाळेच्या प्रदर्शनात हॅम रेडिओ पाहिल्यापासून त्याला दुसरे काही सुचत नाही. वाढदिवसाला ऑनलाइन एखादा बाओफेंग कंपनीचा हँडी घेऊन दिला आणि परीक्षा सावकाश दिली, तर चालेल का? (पनवेल)

नाही चालणार. आपल्याकडे असा बोलता येणारा हॅम रेडिओ नुसता घरात बाळगायलाही परवाना लागतो. बटण दाबले नाही म्हणून सुटका होत नाही. वॉकीटॉकीच्या बेकायदा ऑनलाइन विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2025 साली मार्गदर्शक सूचनाही काढल्या. एखादी वस्तू वेबसाइटवर दिसते, याचा अर्थ ती कोणीही घ्यावी असा होत नाही.

पण मुलाचा हिरमोड करू नका. वयाची अट बारा वर्षे पूर्ण एवढीच आहे, म्हणजे तो आजच अर्ज करू शकतो. ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीला मोर्स कोड लागत नाही. रेडिओचा पाया आणि नियम या दोनच गोष्टींवर परीक्षा असते. विज्ञानाची आवड असलेल्या नववीतल्या मुलाला ती झेपते. अर्ज दूरसंचार विभागाच्या ‘सरल संचार’ पोर्टलवर भरायचा. पास झाल्यावर परवाना निघतो आणि व्हीयू-3 ने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे हवेतली आपली ओळख, मिळतो. (‘जनरल’ श्रेणीला व्हीयू-2. तिथे मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स यावे लागते.)

कॉलसाइन हातात येईपर्यंत दोन गोष्टी करा. जवळच्या हॅम क्लबमध्ये त्याला घेऊन जा. तिथली मंडळी आपल्या स्टेशनसमोर मुलांना आनंदाने बसवतात. आणि घरी इंटरनेटवरून दूरचे रिसीव्हर ऐकू द्या. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेब रिसीव्हर फुकट आहे. रात्री त्यावर 7 मेगाहर्ट्झचा पट्टा लावलात की युरोपभरचे हॅम एकमेकांना कसे हाक मारतात ते त्याला कळेल. कान तयार झालेला मुलगा पहिल्या संभाषणात अडखळत नाही.

प्रश्न : परीक्षा पास झालो, कॉलसाइन मिळाला. पाच हजारांच्या आत बाओफेंग यूव्ही-5आर घेऊ, क्वानशेंग यूव्ही-के5 घेऊ, की पैसे साठवून जपानी कंपनीचा घेऊ? (नाशिक)

अभिनंदन! दुकानात जाण्याआधी दोन आकडे पाठ करा: 144 ते 146 मेगाहर्ट्झ आणि 434 ते 438 मेगाहर्ट्झ. हँडीवर भारतात आपल्याला मिळालेली जागा एवढीच. यूव्ही-5आर मात्र 136 ते 174 आणि 400 ते 520 पर्यंत कुठेही प्रसारण करतो. त्या मधल्या जागेत पोलीस, अग्निशमन, बंदरे, कंपन्या असे कितीतरी लोक कामाचे बोलत असतात. म्हणून संच घरी आल्याबरोबर तो संगणकाला जोडून चर्प या मोफत सॉफ्टवेअरने आपल्या पट्ट्यातलेच चॅनल भरा आणि सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तर प्रसारणाची मर्यादाही तिथेच बांधून टाका. प्रोग्रॅमिंगची केबल घेताना मात्र जपून. स्वस्त केबलमध्ये नकली चिप असते आणि विंडोज तिला ओळखत नाही. नवशिक्याची पहिली संध्याकाळ हमखास या केबलपायी वाया जाते.

आता संचांबद्दल. यूव्ही-5आर 2012 पासून बाजारात आहे. परदेशात तो पंचवीस-तीस डॉलरला मिळतो आणि त्या किमतीत तो जे करतो ते खरोखर थक्क करणारे आहे. सुटी बॅटरी, अँटेना, माइक, सगळे सहज मिळते. अडलात तर विचारायला प्रत्येक क्लबमध्ये चार जण असतात. त्याच्या दोन उण्या बाजू माहीत असू द्या.

पहिली म्हणजे रिसीव्हर. सगळा रेडिओ जवळपास एका चिपवर आहे आणि तिच्यापुढे फिल्टर जेमतेम. त्र्यंबकेश्वरच्या बाजूला, मोकळ्या रानात तो छान ऐकतो. तोच संच शहरात, टॉवरच्या गराड्यात, गच्चीवरच्या मोठ्या अँटेनाला जोडा. शेजारच्या जोरदार लहरींनी तो दबून जातो आणि मघाशी रबरी अँटेनावर येणारा रिपीटरही, म्हणजे आपला आवाज ऐकून तो पुढे लांबवर पाठवणारा उंचावरचा संचही, ऐकू येईनासा होतो. लोक म्हणतात अँटेना बिघडला. अँटेना ठीकच असतो, रिसीव्हरला तेवढे सोसत नाही.

दुसरी बाजू अधिक महत्त्वाची, कारण तिचा त्रास दुसऱ्याला होतो. तुम्ही 145 मेगाहर्ट्झवर बोलता तेव्हा ढिसाळ संचातून 290 आणि 435 वरही थोडी लहर गळते. यूव्ही-5आरच्या काही खेपा याबाबतीत बऱ्या निघतात, काही अगदीच वाईट. डब्यावर नाव तेच असते, आतला माल बदलत राहतो. म्हणून नवा संच क्लबमध्ये न्या आणि कोणाच्या तरी टायनीएसएवर, म्हणजे हातात मावणाऱ्या स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर, मधे लहरीची ताकद कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर लावून तपासून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे. संच त्यात नापास झाला तर परत करा. ‘चालतंय की’ म्हणून वापरत बसू नका. परवान्याने आपल्याला हवेतली जागा दिली आहे, ती स्वच्छ ठेवणे आपल्याकडे लागले.

यूव्ही-के5 नंतरचा आहे. यूएसबी-सी वायरने चार्ज होतो, हाताळायला सोपा आहे, आणि हौशी मंडळींनी त्यासाठी लिहिलेल्या फर्मवेअरमुळे, म्हणजे संचाच्या आतल्या सॉफ्टवेअरमुळे, त्याच्या पडद्यावर आजूबाजूच्या लहरींचा आलेखही दिसतो. शिकायच्या वृत्तीच्या माणसाला मी आज हाच सुचवेन. अट एकच: तेच फर्मवेअर नको त्या फ्रिक्वेन्सीही खुल्या करते, तिकडे बोट नेऊ नका.

यायेसू एफटी-65 साठी तिप्पट-चौपट मोजावे लागतात. त्या पैशांत मजबूत बांधणी आणि पावसाच्या शिंतोड्यांना तोंड देणारे आयपी-54 आवरण मिळते. पावसाळाभर डोंगरात जाणार असाल तर थांबा आणि तो घ्या. आणि तुमच्या भागातला रिपीटर 2 मीटरच्या, म्हणजे 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या, पट्ट्यात असेल, आपल्याकडे बहुतेक तसाच असतो, तर आयकॉम आयसी-व्ही86 सारखा एकाच पट्ट्याचा दणकट संचही विचारात घ्या. दोन पट्ट्यांचा मोह नवशिक्याला फारसा उपयोगी पडत नाही.

कोणताही घ्या, पण भारतातल्या विक्रेत्याकडून, तुमच्या परवान्याची प्रत देऊन, पक्क्या बिलावर घ्या, आणि त्या मॉडेलला ईटीए, म्हणजे उपकरणाची सरकारी मंजुरी, आहे का ते विचारा. विक्रेता परवाना मागत नसेल तर ते दुकानच टाळा.

प्रश्न : पाच वॅटऐवजी आठ किंवा दहा वॅटचा संच घेतला तर लांबवर जाईल ना? (छत्रपती संभाजीनगर)

फार नाही. पाचाचे आठ वॅट केल्याने दोन डेसिबल वाढतात. समोरच्याच्या मीटरवर एक घर चढायला सहा डेसिबल, म्हणजे चौपट ताकद लागते. आठ वॅटचा फरक त्याला ऐकूनही कळणार नाही. तुमची बॅटरी मात्र लवकर उतरेल.

या पट्ट्यातल्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, तेव्हा खरी मदत उंचीची. अंदाजासाठी सूत्र सोपे आहे: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा, 4.12 ने गुणा; उत्तर किलोमीटरमध्ये येते. सपाट मैदानात उभ्या माणसाच्या हातातला अँटेना दीड मीटरवर, म्हणजे क्षितिज पाच किलोमीटरवर. भोवतालच्या सपाटीपासून सातशे मीटर उंच कड्यावर तोच माणूस उभा राहिला की शंभराच्या पुढे. रिपीटर डोंगरावर बसवतात तो याचसाठी.

प्रश्न : तिसऱ्या मजल्यावर राहतो. रिपीटर स्पष्ट ऐकू येतो, पण मी बोललो तर तो उघडत नाही. संच खराब आहे का? (ठाणे)

बहुधा नाही. यूव्ही-5आर आहे असे पत्रात लिहिले आहे, तर मेन्यूचे आकडेच देतो. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि दुसरीवर बोलतो; मेन्यू 25 मध्ये त्या फरकाची दिशा (शिफ्ट) आणि 26 मध्ये तो फरक (ऑफसेट) बघा. 2 मीटरवर तो सहसा उणे 600 किलोहर्ट्झ असतो, म्हणजे 00.600. मेन्यू 13 मध्ये तुमच्या रिपीटरचा टोन, म्हणजे आवाजासोबत जाणारा, रिपीटर उघडणारा खालचा सूर, भरा. तो क्लबला विचारून घ्या, अंदाजाने नको. मेन्यू 11, म्हणजे ऐकण्याचा टोन, सध्या बंदच ठेवा. मेन्यू 5 ‘वाइड’ वर हवा. ‘नॅरो’ वर असेल तर तुमचा आवाज दबका जातो. आणि मेन्यू 7 चा दुहेरी पहारा बंद करा. तो चालू असला की खालच्या ओळीवर कोणी बोलून गेल्यावर तुमचे बटण त्या ओळीवर उत्तर देते, आणि तुम्ही वरच्या ओळीवर बोलतो आहोत अशा समजुतीत राहता.

हे सगळे बरोबर असूनही उघडत नसेल तर दोष सोबत आलेल्या रबरी अँटेनाचा. लहरीच्या पाव लांबीचा अँटेना 2 मीटरवर जवळपास अर्धा मीटर हवा. रबरी दांडी वीस सेंटिमीटरही नसते. शिवाय अँटेनाची दुसरी बाजू म्हणून संचाचा छोटासा सांगाडा आणि तुमचा हात, एवढेच असते. यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे. वायरिंगमधली 49 सेंटिमीटर बारीक तार घ्या, एक टोक सोलून अँटेनाच्या सॉकेटच्या बाहेरच्या धातूच्या कड्याभोवती एक वेढा द्या, वरून अँटेना नेहमीसारखा आवळा आणि तार खाली लोंबू द्या. आतल्या टाचणीला ती अजिबात लागता कामा नये. हॅम लोक हिला शेपटी म्हणतात. एवढ्याने अनेकांचे रिपीटर उघडले आहेत. खिडकीत नव्हे, बाल्कनीत उभे राहून करून बघा.

पुढची पायरी म्हणजे गच्चीवर किंवा बाल्कनीच्या काठीला रोल-अप जे-पोल, म्हणजे गुंडाळून ठेवता येणारा लांब अँटेना. विकतचा लांब अँटेना घेणार असाल तर नागोया एनए-771 चे नकली नग भरमसाट आहेत, ओळखीच्या दुकानातून घ्या. संचात वाचवलेले पैसे मी नेहमी इथे लावायला सांगतो.

प्रश्न : आमचा ट्रेकिंग ग्रुप आहे. पुढच्या आणि मागच्या लीडरला बोलता यावे म्हणून दोन हॅम सेट घ्यावे म्हणतो. (सातारा)

दोन्ही लीडर परवानाधारक असतील आणि ट्रेक हौशीचा असेल तर जरूर. पैसे घेऊन ट्रेक नेत असाल तर हॅम पट्टा वापरता येत नाही, तिथे धंद्याचे बोलणे चालत नाही. तुमच्यासाठी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झची विनापरवाना जागा आहे. त्यासाठीच बनवलेले, मंजुरी असलेले कमी ताकदीचे वॉकीटॉकी घ्या. रांगेच्या दोन टोकांना तेवढे पुरतात. मधे खिंड किंवा सोंड आली की दोन्ही प्रकारचे संच गप्प होतात, तेव्हा वळणावर एक माणूस थांबवायची जुनी रीत सोडू नका.

प्रश्न : पुरात मोबाइल बंद पडले की हॅम रेडिओच चालतो असे ऐकले. 2019 च्या पुरानंतर घरात एक हँडी हवाच असे वाटते. (सांगली)

भावना अगदी बरोबर आहे, पण अपेक्षा नीट मांडू. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरमधून मुख्य भूमीशी संपर्क राखणाऱ्या भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांची कामगिरी सगळ्यांना माहीत आहे. ते काम लांब पल्ल्याच्या एचएफ, म्हणजे 3 ते 30 मेगाहर्ट्झच्या, संचांचे होते. हँडी तुम्हाला गावातल्या गावात, नदीच्या या काठावरून त्या काठावर जोडील. रिपीटर वीज आणि बॅटरीवर चालतो, तो बंद पडू शकतो. म्हणून आपसांत एक सरळ, रिपीटरविना फ्रिक्वेन्सी आधीच ठरवून ठेवा आणि दर आठवड्याला तिच्यावर हाक मारा. सराव नसेल तर पुराच्या रात्री तो संच कपाटातच राहील.

विजेचे गणितही बघा. यूव्ही-5आरची बॅटरी 1800 एमएएच असते आणि पूर्ण ताकदीने बोलताना सव्वा-दीड अँपिअर ओढला जातो. सलग बोललात तर तास-सव्वा तासात संपली. कमी ताकद वापरा, थोडक्यात बोला, आणि साध्या पेन्सिल सेलवर चालणारा बॅटरीचा डबा जवळ ठेवा.

प्रश्न : भाचा न्यू जर्सीत हॅम आहे. तो येताना स्वस्तात सेट आणतो म्हणतो. इथे आल्यावर माझ्याशी बोलेलही. (पुणे)

त्याला आणू देऊ नका. रेडिओ संचाच्या आयातीला नियम आहेत, विमानतळावर उगाच अडकेल. त्याचा अमेरिकन परवानाही इथे आपोआप लागू होत नाही. आणखी एक बारीक गोष्ट: अमेरिकेत 2 मीटरचा पट्टा 148 पर्यंत आहे. त्यांची हाक मारायची फ्रिक्वेन्सी 146.520, आणि 70 सेंटिमीटरवर 446.000. दोन्ही आपल्या हद्दीबाहेर. अमेरिकन व्हिडिओ बघून संच भरणारे नेमके हेच आकडे टाकतात. टाकले असतील तर आजच पुसा.

प्रश्न : जुना जपानी हँडी स्वस्तात मिळतो आहे, घेऊ? (कोल्हापूर)

देणारा परवानाधारक असेल आणि कागद नीट असतील तर बघा. बॅटरी मेलेली धरूनच किंमत करा. त्यात टोनची सोय आहे का ते आधी विचारा. अनेक जुन्या संचांत ती वेगळी बसवावी लागे, आणि टोनशिवाय आजचा रिपीटर उघडणार नाही.

प्रश्न : परवाना आहे, साधा यूव्ही-के5 आहे. यावर अंतराळ स्थानक खरेच ऐकू येते का? (रत्नागिरी)

खरेच येते! स्थानकावरचा रिपीटर चालू असेल तेव्हा 437.800 वर ऐका. स्थानक तुमच्याकडे येताना फ्रिक्वेन्सी वर सरकते आणि दूर जाताना खाली, म्हणून पाच चॅनल भरून ठेवा: 437.810, .805, .800, .795, .790. उगवताना पहिल्यावर, डोक्यावर असताना मधल्यावर, मावळताना शेवटच्यावर. पाचही चॅनलना प्रसारण 145.990 आणि टोन 67 द्या. स्थानकाची वेळ सांगणारे अ‍ॅप फोनवर असते. चांगली फेरी साधारण दहा मिनिटांची. स्क्वेल्च, म्हणजे नुसती खरखर दाबून ठेवणारी सोय, पूर्ण उघडा, अँटेना उभा न धरता हळूहळू आडवा-तिरपा करत बघा, आवाज कुठे स्वच्छ होतो ते हाताला कळते. पहिल्या चार-पाच फेऱ्या फक्त ऐका. मग कोणी बोलत नसेल अशा क्षणी आपला कॉलसाइन एकदाच द्या आणि बटण सोडा.