आजोबांच्या पेटीतलं चांदीचं नाणं: आधी अक्षरं वाचा

आजोबांच्या पेटीत निघालेल्या नाण्याचा फोटो टाकून ते कुणाचं, असं तुम्ही विचारलंय. तुमचं वर्णन असं: एका बाजूला मुकुट घातलेला पुरुष, दुसऱ्या बाजूला खुर्चीत बसलेली बाई, वजन ३.६ ग्रॅम, अक्षरं इंग्रजीसारखी आणि सोनाराच्या मते 'सिकंदराचं'. सिकंदर नक्की नाही. त्याच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरं असतात, तुमच्या फोटोत लॅटिन दिसतायत, म्हणजे नाणं रोमन.

डोक्यावर आहे तो मुकुटही नाही, लॉरेलच्या पानांची माळ आहे. मानेमागे तिच्या फितीची टोकं लोंबताना दिसतील. सूर्यकिरणांसारखा टोकदार मुकुट असता तर नाणं बहुधा इ.स. २१५ नंतरचं, अंतोनिनियानस नावाच्या नंतरच्या रोमन नाण्याच्या जातीचं म्हटलं असतं.

चेहऱ्यावरून सम्राट ओळखायच्या फंदात पडू नका. भिंग घ्या, कडेची अक्षरं एकेक करून कागदावर उतरवा. 'यू'च्या जागी 'व्ही' असतो, शब्दांत जागा सोडलेली नसते. तुमच्या फोटोत मला 'टी-आय सीझर डिवी' आणि पुढे 'ए-व्ही-जी एफ' लागतंय. म्हणजे तिबेरियस सीझर, दैवी ऑगस्टसचा मुलगा आणि त्याच्यानंतरचा रोमन सम्राट. त्यानंतर पुन्हा 'ऑगस्टस' येतो, पण इथे ती तिबेरियसचीच पदवी आहे, आणि तिथेच घसरायला होतं. मीही माझं पहिलं नाणं वर्षभर ऑगस्टसचं म्हणून मिरवलं होतं! मागच्या बाजूला 'पाँटिफ मॅक्सिम', म्हणजे मुख्य पुरोहित. बसलेली बाई शांतिदेवतेच्या रूपातली लिव्हिया, तिबेरियसची आई, असं बरेच जण मानतात.

म्हणजे नमुना तिबेरियसच्या दिनारचा (दिनार म्हणजे रोमन चांदीचं नाणं), इ.स. १४ ते ३७. टांकसाळ लुगदुनम, आजचं फ्रान्समधलं लिऑन. हाच छाप त्याच्या कारकिर्दीत वर्षानुवर्षं चालला, त्यामुळे नेमकं साल सांगता येत नाही. खुर्चीचे पाय साधे की नक्षीदार, एवढ्यावरून फार तर उपप्रकार ठरतो. दक्षिण भारतात, विशेषतः कोइम्बतूरच्या बाजूला, असे दिनार ढिगाने सापडलेत, तेव्हा इथल्या घरात निघणं अशक्य नाही.

आता अडचण. बायबलमधलं कराचं नाणं म्हणून याच दिनारच्या नकला जगभर विकल्या जातात. ३.६ ग्रॅम वजन झिजलेल्या खऱ्या नाण्याला चालून जातं, पण हनुवटीपाशी टवका उडून खाली तांबूस दिसतंय ते मला खटकतंय. तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेली खोटी नाणी रोमन काळातही पाडत, म्हणजे नाणं खोटं असूनही दोन हजार वर्षं जुनं असू शकतं. उलट कडेवर फिरत गेलेली बारीक सांध्याची रेघ असेल, तर ते साच्यात ओतलेलं, म्हणजे बहुधा अलीकडचं.

चिंच, रांगोळी, टूथपेस्ट काहीही लावू नका. तांबूस जागा नखाने खरवडू नका.

आणि अमेरिकेतल्या भावाकडे विकायला पाठवायचं म्हणताय, ते राहू द्या. खरं निघालं तर १९७२च्या कायद्याप्रमाणे ती पुरावस्तू ठरते, खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

कडेचे चारही बाजूंनी फोटो टाका, उन्हात नको, खिडकीच्या उजेडात. शेजारी मोजपट्टी ठेवा.