राजीनाम्यावर सही करण्याआधी

प्रश्न: काका, सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात मी सहा वर्षं पॅकिंगला होते. पगार 15,200. मशीन विकली म्हणून जुलैअखेर आम्हा अकरा जणींना घरी बसवलं. सेठ म्हणतात, राजीनामा लिहून द्या, हिशेब लगेच करतो. शेजारच्या वहिनी सांगतात की ईएसआयसीतून, म्हणजे कामगार विम्यातून, बेकारीचे पैसे मिळतात. खरं आहे का? एक एजंट फॉर्म भरायचे दोन हजार मागतोय. देऊ का?
— एक भगिनी, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर: ताई, राजीनामा अजून लिहिला नसेल तर लिहू नका. एजंटचं नंतर बघू.

हे मी एवढ्या ठामपणे सांगतोय, कारण निवृत्त होईपर्यंत मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होतो. एका कारखान्यात पगारपत्रकं करायचो. दर महिन्याला ईएसआयसीच्या पोर्टलवर प्रत्येकाचे हजेरीचे दिवस आणि पगार भरायचा असतो. ज्याचे दिवस शून्य, त्याच्यापुढे कारणाचा आकडा घालावा लागतो. 2 म्हणजे नोकरी सोडली, 10 म्हणजे छाटणी, 11 म्हणजे काम नाही. पंधरा तारखेच्या आत चलन भरायचं, वर सेठची घाई. मी वर्षानुवर्षं सरसकट 2 ठोकत आलो. त्या आकड्यामागे कुणाचं काही अडलेलं असतं, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

मग एक दिवस आमच्याकडचा फिटर प्लास्टिकच्या पिशवीत कागद गुंडाळून टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याला कामावरून कमी केलं होतं आणि बीमा ऑफिसात तो भत्त्यासाठी गेला होता. तिथे त्याला दाखवलं की तुम्ही नोकरी सोडलीत अशी नोंद आहे. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, ‘‘बाबूजी, मैंने कब छोड़ी?’’ दुरुस्तीसाठी मी पत्र दिलं, पण त्याचे हेलपाटे काही वाचले नाहीत.

तेव्हा आता तुमचं. तुमच्या पगारातून दरमहा 0.75 टक्के, म्हणजे 114 रुपये कापले जात होते, आणि मालकाचे 3.25 टक्के, म्हणजे 494 रुपये पडत होते. हे पैसे फक्त नंदानगरच्या बीमा अस्पतालातल्या गोळ्यांसाठी नसतात. बेकारीसाठी दोन वाटा आहेत.

पहिली, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, 1 जुलै 2018 पासूनची. सुरुवातीला सरासरी मजुरीच्या 25 टक्के मिळायचे, 24 मार्च 2020 पासून 50 टक्के झाले. मिळते 90 दिवसांपर्यंत, आणि तीही जन्मात एकदाच. शेवटच्या वर्गणी-कालात (एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च असे हे सहा-सहा महिने) 78 दिवसांची वर्गणी लागते. तुमच्या एप्रिल ते जुलैमध्ये ती केव्हाच भरली, आणि सहा वर्षांची नोकरी असल्यावर मागच्या वर्गणीचीही काळजी नको. हिशेब असा: आधीच्या चार वर्गणी-कालांची, म्हणजे दोन वर्षांची कमाई 730 ने भागायची. तुमचा पगार दोन्ही वर्षं 15,200च धरला तर 3,64,800 भागिले 730, दिवसाला 499 रुपये 73 पैसे. त्याचा निम्मा, गुणिले 90. साधारण साडेबावीस हजार. दोन वर्षांत मधेच दोन महिने बिनपगारी गेले असतील तर 730 काही कमी होत नाहीत, रक्कम मात्र उतरते.

दुसरी, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, 1 एप्रिल 2005 ची. छाटणी झाली किंवा कारखाना बंद पडला तर ही लागू होते, आणि हिच्यात 24 महिन्यांपर्यंत भत्ता असतो: पहिले बारा महिने मजुरीच्या निम्मा, पुढचे बारा पाव. कुठे 90 दिवस आणि कुठे 24 महिने! दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. राजीनाम्याचा कागद झाला की छाटणी संपली, ही वाट तिथेच बंद. पहिल्या योजनेतूनही स्वेच्छेने काम सोडणारे बाहेर असतात, म्हणजे तिथेही वाद ओढवून घेणं आलंच. आणि सेठचा फायदा कशात, तेही बघा. छाटणी म्हटलं की सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई द्यावी लागते. राजीनामा असला की ती वाचते. ग्रॅच्युइटी मात्र पाच वर्षं झाल्यावर दोन्हीकडे द्यावीच लागते; ती देऊन उपकार केल्यासारखं कुणी बोललं तर मनावर घेऊ नका.

म्हणून ‘काम नसल्याने कमी केलं’ असं पत्र मालकाकडून लेखी मागा. पगार करणारा जो कुणी असेल, त्याला भेटून विचारा की ऑगस्टच्या भरण्यात कारण काय टाकताय. भरण्याआधी विचारलं तर दोन मिनिटांचं काम. अकराही जणी एकत्र गेलात तर आकडा आपोआप नीट पडेल, असा माझा अनुभव आहे.

एजंटला दोन हजार देऊ नका. अटल योजनेचा अर्ज मालकाच्या मार्फत जात नाही, ईएसआयसीच्या पोर्टलवर बीमा नंबरने लॉगिन करून आपणच भरायचा असतो. काम सुटल्यापासून 30 दिवस झाले की करता येतो. आधार आणि बँक पासबुक लागतं. 20 रुपयांच्या स्टॅम्पवरचं शपथपत्र 2020 मध्येच काढून टाकलं, तरी अजून ते विकणारे आहेत. ही योजना मुदतवाढीवर चालते, म्हणून मुदत चालू आहे ना, हे शाखा कार्यालयात आधी विचारून घ्या. आणि बीमा अस्पताल बंद झालं असं समजू नका. या वर्गणीवर पुढच्या 30 जूनपर्यंत उपचार मिळतील. घरच्या कुणाचं औषध तुमच्या कार्डावर असेल तर तेही चालू राहील.

प्रश्न: पगार जूनपासून 21,600 झाला. ऑफिसवाले म्हणतात, ईएसआयसीचं कार्ड बंद.
— एक वाचक, सुदामानगर

उत्तर: एवढ्यात नाही. पगाराची मर्यादा 21,000 ची आहे खरी, पण वर्गणी-काल सुरू असताना पगार वाढला तर 30 सप्टेंबरपर्यंत वर्गणी कापावीच लागते, आणि वाढलेल्या पूर्ण पगारावर. शिवाय ओव्हरटाइम मर्यादेत मोजत नाहीत. तुमच्या 21,600 मध्ये ओव्हरटाइम किती, ते पगारचिठ्ठीत बघा. सातशे रुपये जरी असेल तरी तुम्ही मर्यादेच्या आतच आहात.