माळ हातात असताना डोळा लागतो

प्रश्न : सिस्टर, मी वसईची, वय ४७. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका येऊन तीन वर्षं झाली, त्या अंथरुणावरच आहेत. सकाळी त्यांना पुसून, कपडे बदलून, चहा-नाश्ता भरवून मी लोकल पकडते. दिवसा शेजारची मुलगी बसते. संध्याकाळी आले की पुन्हा तेच. दोन दीर गावातच राहतात, सणाला येऊन भेटून जातात. रात्री घरात जपमाळ सुरू झाली की तिच्या पाच भागांतल्या दुसऱ्या रहस्यापर्यंत माझा डोळा लागतो. त्याहून वाईट म्हणजे सासूबाई प्रत्येक गोष्टीत खोड काढतात आणि माझ्या तोंडून नको ते शब्द जातात. धर्मगुरूंपुढे पापनिवेदनात दर वेळी तेच पाप सांगते. संतांची चरित्रं वाचायला घेतली तर आणखीच खट्टू होते. मठात राहणाऱ्यांना ते जमतं, आम्हा संसारी बायकांना कसं जमावं?
– एक वाचक भगिनी

उत्तर : माझं वय ७४, तेव्हा तुला ‘तू’ म्हणते.

आधी झोपेचं बोलू. माझी आई पहाटेच्या गाडीने दादरला फुलं विकायला न्यायची. रात्रीच्या जपमाळेत तिची मान हळूहळू खाली जायची आणि माळ मांडीवर घसरायची. आम्ही भावंडं एकमेकांना कोपराने ढोसून हसायचो. मलाही वाटायचं, आईची भक्ती कमी पडते. पुढे मठात आल्यावर फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेजाचं आत्मकथन हाती आलं. आपल्या चर्चमध्ये जिच्या हातात क्रूस आणि गुलाबाची फुलं असतात, तीच ही. ती लिहिते की प्रार्थनेच्या वेळी आणि कम्युनिअननंतरच्या, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घेतल्यावरच्या आभारप्रार्थनेत मला सात वर्षं झोप येत आली आहे, पण मी त्याने खचून जात नाही. लेकरं जागी असोत की झोपलेली, आईबापांना ती सारखीच आवडतात. शस्त्रक्रिया करताना डॉक्टर रोग्याला झोपवतातच की! आणि आपण माती आहोत हे प्रभू जाणतो, हे स्तोत्रातलं वचनही ती आठवते. ते वाचलं त्या रात्री मी आईसाठी रडले. तिच्यावर हसल्याबद्दल तिची माफी मागायची राहून गेली होती.

तेव्हा तू खुशाल पेंगत जा. माळ मात्र हातात घे.

आता ‘मठात राहणाऱ्यांना जमतं’ याबद्दल. तेरेजा १८८८ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी धर्मभगिनींच्या कार्मेल मठात गेली. तिथे सिस्टर सेंट पीटर नावाची एक वृद्ध, आजाराने जखडलेली धर्मभगिनी होती. संध्याकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना तिला प्रार्थनेतून उठवून भोजनगृहात न्यावं लागे. तेरेजाने ते काम आपणहून मागून घेतलं, आणि मागताना फार जड गेलं हेही लिहून ठेवलं. वेळ झाली की म्हातारी आपलं वाळूचं घड्याळ हलवायची, म्हणजे निघायची खूण. तिचं स्टूल ठरावीक पद्धतीनेच उचलायचं. मागून तिच्या कमरपट्ट्याला धरून चालायचं. जरा पाय उचलला की ‘किती घाई, मी पडेन’. सावकाश चालावं तर ‘तुझा हात लागत नाही, सोडलंस मला! सांगितलं होतं ना, तू फार लहान आहेस म्हणून’. बसवल्यावर तिच्या बाह्यासुद्धा तिला हव्या तशाच दुमडायच्या. यात तुझ्या सासूबाईंचा आवाज तुला ऐकू आला असेल. मला तरी आला.

थोड्या दिवसांनी तेरेजाच्या लक्षात आलं की त्या वाकड्या बोटांनी म्हातारीला पाव कापता येत नाही. मग निघण्यापूर्वी ती तिचा पाव कापून ठेवू लागली. तसं कोणी सांगितलं नव्हतं. म्हातारीचा विश्वास बसला तो त्या पावाने, आणि जाताना तेरेजा तिच्याकडे बघून हसायची त्या हसण्याने. तेरेजा चोविसाव्या वर्षी, १८९७मध्ये क्षयाने गेली. पुढे ख्रिस्तसभेने तिला संत आणि आचार्य, म्हणजे धर्मशिकवणीची गुरू, म्हणून गौरवलं. पण मला ती आठवते ती पाव कापणारी.

आणि तिलाही प्रत्येक वेळी जमत नव्हतं, हे चरित्र वाचताना आपल्या नजरेतून निसटतं. एकदा मठाच्या प्रमुख मदर आजारी होत्या. चाव्या परत ठेवायला तेरेजा पाय न वाजवता गेली. त्यांची झोप मोडेल म्हणून दुसरी एक भगिनी त्या चाव्या घ्यायला लागली. दारात ओढाताण झाली, मदर जाग्या झाल्या, आणि त्या भगिनीने सगळा दोष तेरेजावर ढकलला. तेरेजाच्या जिभेवर उत्तर आलं होतं. बोलले तर मनाची शांती जाईल हे तिला कळलं, आणि न बोलता उभं राहण्याइतकं बळ अंगात नव्हतं. तेव्हा ती सरळ पळाली. छाती इतकी धडधडत होती की लांब जाता येईना, म्हणून जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. हे शौर्य नव्हे, असं ती स्वतःच लिहिते. हरणार हे दिसत असेल तर लढाईत न उतरलेलं बरं, असं तिचं मत.

ही पायरी मला फार उपयोगी पडली. मठातल्या आजारी भगिनींची सेवा माझ्याकडे होती. एका दुपारी, तिसऱ्यांदा ‘पेज गार आहे’ ऐकल्यावर मी वाटी इतक्या जोरात आपटली की पेज त्या भगिनीच्या अंगावर उडाली. तिने चेहरा पुसला आणि ती काही बोलली नाही. आज ३० वर्षांनीही तो चेहरा समोर येतो. त्यानंतर राग वर यायला लागला की मी ‘आलेच हं’ म्हणून मागच्या दारी विहिरीपाशी जायचे, एक बादली पाणी शेंदायचे आणि परत यायचे. तूही आधी त्यांची कूस नीट आहे ना ते बघ, मग खोलीबाहेर जा. पाच मिनिटं. त्याला सेवा टाळणं म्हणू नकोस.

पापनिवेदनाबद्दल तुझे धर्मगुरू सांगतील. मी एवढंच म्हणेन, तेच पाप पुन्हा सांगायला लाजून जाणं थांबवू नकोस.

संसारी बायकांविषयी जे विचारलंस, त्याचा विचार संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी १६०९ सालच्या आपल्या ग्रंथात केला आहे. बिशपने मठातल्या एकांतवाशासारखं राहावं, कारागिराने दिवसभर चर्चमध्ये बसावं, ही भक्ती हास्यास्पद ठरेल, असं ते लिहितात. ज्याची त्याची भक्ती ज्याच्या त्याच्या कामाला धरून हवी. तुझं काम अंथरुणापाशी आहे, आणि तुझी बरीच प्रार्थना तिथेच होते आहे.

आता दिरांबद्दल. तू त्यांच्यावर अर्धीच ओळ लिहिलीस, मला ती टोचली. आई त्यांचीही आहे. यजमानांना सोबत घे, दोघांना बोलाव आणि रविवार वाटून मागा. भांडणाच्या सुरात मागू नका, पण मोघमही मागू नका : या रविवारी सकाळी सात ते दुपारी एक, आईला पुसणं आणि भरवणं तुमच्याकडे. तू चर्चमध्ये मिस्सेला जा, आणि घरी येऊन झोप.

सासूबाईंना काय करता येत नाही आणि मागायचा संकोच वाटतो, ते एकदा बघ. केस विंचरणं असेल, उशीजवळची माळ हाताला न लागणं असेल. पत्रात त्यांचं नाव नाही. तुझं आणि त्यांचं, दोन्ही कळव; रात्रीच्या माळेत घेईन. माझाही डोळा लागतो हल्ली, म्हणून पहिल्याच रहस्याला घेईन.