वखारीचे घर होताना घरपट्टीचे काय होते?

प्रश्न : चोपडा शहरातील पेठेत आमची आजोबांच्या काळातील अडतीची इमारत आहे. पुढे दोन शटरांचे दुकान, मागे धान्याची वखार आणि वर माडी अशी तिची रचना आहे. अडत बंद होऊन चार वर्षे झाली. आता आम्ही तेथेच राहण्याचे घर करीत असून दिवाळीपर्यंत राहायला जाण्याचा विचार आहे. नगरपरिषदेचे बिल मात्र अजून बिगरनिवासी दरानेच येते. काम चालू असताना कर कोणत्या दराने भरावा, आणि आम्ही राहायला गेल्यावर तो आपोआप कमी होईल का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : आपोआप काहीही होणार नाही, हे सर्वांत आधी लक्षात घ्यावे. घरपट्टीची आकारणी इमारतीच्या वापरावर होते हे खरे. परंतु नगरपरिषदेच्या दृष्टीने वापर म्हणजे कर आकारणी नोंदवहीत आपल्या मालमत्ता क्रमांकापुढे जे लिहिलेले आहे ते. तेथे ‘दुकान व गोदाम’ अशी नोंद असेपर्यंत आपण माडीवर चूल पेटवली तरी बिल दुकानाचेच निघते. आमच्या वडिलांनी वजनकाट्याची जागा बंद करून तेथे राहायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी वसुली लिपिकाला ही गोष्ट तोंडी सांगितली आणि तेवढ्यावर ते निर्धास्त राहिले. पुढची तीन वर्षे बिल दुकानाच्याच दराने येत राहिले आणि मागचा फरक कधीच परत मिळाला नाही, कारण दाखवण्यासारखा एकही कागद हाती नव्हता. ती हळहळ अजून मनात आहे, म्हणूनच पुढचे थोडे विस्ताराने लिहितो.

फरक नेमका कोठे पडतो, ते आधी पाहू. जेथे भाडेमूल्यावर कर बसतो तेथे इमारतीचे वार्षिक भाडेमूल्य ठरवून त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करतात आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर कर लावतात. समजा, दुकान म्हणून आपल्या जागेचे वार्षिक भाडेमूल्य 40,000 रुपये धरले असेल, तर करयोग्य मूल्य 36,000 रुपये होते. तीच जागा राहती धरून भाडेमूल्य 20,000 रुपये ठरले, तर करयोग्य मूल्य 18,000 रुपयांवर येते. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. आपल्या भागाचे दर नगरपरिषदेच्या तक्त्यात पाहावेत. बिलातील पुढच्या दोन ओळींकडे मात्र बहुतेकांचे लक्ष जात नाही. 1962 च्या कायद्यानुसार लागणारा राज्य शासनाचा शिक्षण कर निवासी इमारतींना भाडेमूल्याच्या पायरीप्रमाणे 2 ते 6 टक्के, तर बिगरनिवासी इमारतींना 4 ते 12 टक्के, म्हणजे दुप्पट असतो. आणि रोजगार हमी कर तर केवळ बिगरनिवासी वापरावरच बसतो. नोंद बदलली की एका ओळीचा दर निम्म्यावर येतो आणि दुसरी बिलातून निघूनच जाते.

आता काम चालू असतानाच्या काळाविषयी. दुकान बंद झाले म्हणून इमारत निवासी ठरत नाही. ती रिकामी बिगरनिवासी इमारतच राहते. रिकाम्या इमारतीला करात सूट देण्याची तरतूद कायद्यात आहे, परंतु ती इमारत रिकामी झाल्याची लेखी सूचना वेळेवर दिली असेल तरच मिळते. मागील चार वर्षांची अशी सूचना आपण दिलेली नसल्यास त्या सुटीवर हिशेब बांधू नये. चालू मागणी बिगरनिवासी दरानेच भरून टाकावी, हे माझे स्पष्ट मत आहे. ‘दर बदलल्यावर एकदम भरू’ म्हणून बिल अडवून ठेवल्यास थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढत जाते, आणि थकबाकी असलेल्या मालमत्तेचा अर्ज टेबलावरून पुढे सरकणे अवघड होते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट परवानगीची. वापर बदलण्यासाठी आणि भिंती, जिने, स्लॅब यांत फेरफार करण्यासाठी नगरपरिषदेच्या बांधकाम विभागाची परवानगी आधी घ्यावी. त्यासाठी 2020 ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. विनापरवाना काम झाल्यास नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 189-अ खाली मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लागू शकते, आणि ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही. कर वाचवण्यासाठी घर करायचे आणि परवानगीअभावी दुपटीचा बोजा ओढवून घ्यायचा, अशी वेळ पेठेतील एखाद्या चांगल्या जुन्या घरावर येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

राहायला गेल्याच्या आठवड्यातच मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने फेरआकारणीचा अर्ज द्यावा. सोबत असेसमेंट उतारा (कर आकारणी नोंदवहीतील आपल्या नोंदीची प्रत), परवानगीची प्रत, चालू वर्षाची कर पावती, दुकानाचा परवाना रद्द केल्याचा कागद आणि घरगुती वर्गवारीत बदललेले वीजबिल जोडावे. वीजबिलाची वर्गवारी विसरू नये. ती व्यापारी राहिली तर कर विभागाला आपल्या अर्जाविरुद्धचा पुरावा आपणच दिल्यासारखे होते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेसह पोच घ्यावी, कारण पुढे फरकाचा वाद झाला तर ती तारीखच आपल्या हातात असते. निरीक्षक टेप घेऊन मोजणीला येतील तेव्हा घरातील जाणते माणूस हजर असावे. रस्त्यावरून पाहणाऱ्याला आधी शटर दिसते. मागे स्वयंपाकघर, देवघर सगळे झालेले असले तरी पुढचे एक शटर आणि त्यावरची जुनी पाटी तशीच राहिली, तर तेवढा भाग दुकान म्हणूनच मोजला जाण्याची शक्यता मोठी असते. म्हणून शटर काढून तेथे चौकट बसवावी आणि आधीची व नंतरची छायाचित्रे तारखेसह ठेवावीत.

एक अपेक्षा मात्र आताच आवरती घ्यावी. दर निवासी झाला तरी जुन्या माडीच्या जागी नवा स्लॅब पडला आणि क्षेत्र वाढले, तर भाडेमूल्यही वाढते. त्यामुळे एकूण बिल आपण धरलेल्या अंदाजाइतके उतरेलच असे नाही. फेरआकारणीची नोटीस आल्यावर क्षेत्रफळ आणि बांधकामाचा प्रकार या दोन नोंदी स्वतः तपासाव्यात आणि चूक दिसल्यास नोटिशीतील मुदतीतच लेखी हरकत घ्यावी.

प्रश्न : धुळ्यात आमची दुमजली व्यापारी इमारत आहे. वरच्या मजल्याचे घर करून खालचे दोन गाळे भाड्यानेच ठेवणार आहोत. सगळ्या इमारतीला निवासी दर मिळेल का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : मिळणार नाही, आणि तशी मागणीही करू नये. मिश्र वापराच्या इमारतीत प्रत्येक भाग त्याच्या वापराप्रमाणे मोजला जातो. धुळ्याची महानगरपालिका 2003 साली झाली. त्याआधीपासून चालत आलेल्या नोंदींत कित्येकदा संपूर्ण इमारत एकाच ओळीत ‘व्यापारी’ लिहिलेली आढळते. आपण वरच्या मजल्याची विभागून स्वतंत्र नोंद मागावी आणि नकाशात दोन्ही वापर वेगवेगळे दाखवावेत. महानगरपालिका क्षेत्रात मोठ्या निवासी जागांवर राज्य शासनाचा एक वेगळा करही आहे, त्याचा कायदा 1979 चा आहे. संपूर्ण मजला एकाच कुटुंबाचे घर म्हणून दाखवण्यापूर्वी आपले क्षेत्र त्या कराच्या कक्षेत येते का, हे कर विभागात विचारून घ्यावे.

प्रश्न : यावल तालुक्यातील आमच्या गावात केळी भरण्याची जुनी शेड आहे, तिचे घर करायचे आहे. ग्रामपंचायतीची घरपट्टी किती कमी होईल?
— एक वाचक, यावल तालुका

उत्तर : ग्रामपंचायतीत आकारणी भांडवली मूल्यावर, म्हणजे जागा व बांधकामाच्या किमतीवर होते, आणि त्यात वापराचा भारांक (ज्याने मूल्याला गुणतात तो आकडा) निवासी इमारतीस 1.00, औद्योगिक इमारतीस 1.20 व वाणिज्यिक इमारतीस 1.25 असा असतो. इमारत आणि जागा तीच राहून केवळ वापर वाणिज्यिकचा निवासी झाला, तर कर एक पंचमांशाने उतरतो. परंतु पत्र्याची शेड पाडून आरसीसी घर बांधल्यास बांधकामाचा दर वाढतो आणि जुनेपणाची घटही नव्याने मोजली जाते, त्यामुळे भारांकाचा लाभ त्यात सहज बुडू शकतो. शक्य असल्यास शेडच्या मजबूत भिंती ठेवून घर करावे. बदलानंतर नमुना 8 मधील (ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीतील) वापराची नोंद दुरुस्त करून घ्यावी. शेडची जमीन वाणिज्य प्रयोजनासाठी बिनशेती झालेली असल्यास बिनशेती आदेशाची प्रत घेऊन तलाठी कार्यालयातही प्रयोजन बदलाची चौकशी करावी, कारण महसूल विभागाची नोंद घरपट्टीच्या नोंदीहून वेगळी असते आणि ग्रामपंचायतीने नोंद बदलल्याने ती बदलत नाही.